बंबवाला आणि अग्निशामक

छत्रपती संभाजीनगरातील पदमपुऱ्याच्या केंद्राला ‘अग्निशमन केंद्र’ आणि आग विझविणाऱ्यास ‘अग्निशामक’ किंवा ‘जवान’ म्हणण्याची सरकारी रीत असली, तरी गल्लीत धूर दिसला की लोकांच्या तोंडी येतो तो ‘बंब’च, आणि ‘बंबवाले आले’ एवढ्यानेच अनेकांचा जीव भांड्यात पडतो.

हा ‘बंब’ पोर्तुगीज ‘बोंबा’वरून, म्हणजे पाणी उपसण्याच्या पंपावरून आला, तोच न्हाणीघरातील पाणी तापविण्याच्या तांब्याच्या बंबाला चिकटला आणि हिंदी-उर्दूत ‘बंबा’ होऊन नळालाही लागू झाला. पोर्तुगीजमधील ‘बोंबेइरू’ आणि फ्रेंचमधील ‘पोंपिए’ या आग विझविणाऱ्याच्या नावांचा मूळ अर्थही ‘पंपवाला’ असाच असल्याने, माणसाला त्याच्या यंत्रावरून ओळखण्याची मराठी रीत जगावेगळी नाही. इंग्रजी ‘फायरमन’ने मात्र गंमतच केली आहे, कारण वाफेच्या इंजिनात कोळसा घालून आग धगधगती ठेवणारा रेल्वे कर्मचारीही फायरमनच म्हणविला जाई.

‘अग्निशामक’ हा शब्द संस्कृत ‘शम्’, म्हणजे शांत होणे, या धातूपासून घडविलेला असून व्याकरणाच्या काटेकोर नियमाने तो ‘शमक’ असावयास हवा होता. परंतु पित्तशामकापासून अग्निशामकापर्यंत ‘शामक’च रुळला, आणि रूढीपुढे पाणिनीचेही चालत नाही.

अडचण व्याकरणाची नाही, अर्थाच्या तोकडेपणाची आहे. 3 एप्रिल 2024 रोजी पहाटे शहराच्या छावणी भागात तळमजल्यावरील शिलाईच्या दुकानाला आग लागली, तेव्हा वरच्या मजल्यावरील सात जणांचा बळी धुराने गुदमरून गेला. अशा ठिकाणी ज्वाला शमविण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व अंधारात माणसे शोधून बाहेर काढण्याला असते. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत तर नुसते पाणीही पुरत नाही, कारण पाण्यावर तरंगणारे ज्वालाग्राही द्रव जळू लागले तर हवेशी त्यांचा संपर्क तोडणारा फेस मारावा लागतो. राज्याच्या 2006 च्या अधिनियमाचे नाव ‘आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना’ असे आहे, आणि पदनामापेक्षा ते या कामाला अधिक न्याय देते. त्या अधिनियमाच्या कक्षेतील इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत सादर करण्याची जबाबदारी बंबवाल्यावर नव्हे, तर मालकावर किंवा भोगवटादारावर, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्यावर, टाकलेली आहे.