दुखणे खोटे नव्हते!

"तुमच्या आक्का बघा, एवढे मोठे ऑपरेशन झाले तरी हूं की चूं केले नाही!" मावशींच्या उशाशी बसून मी हे बोलले, त्याची आज लाज वाटते.

आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. मावशी त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहीण. दोन वर्षांच्या अंतराने दोघींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली. वेदनेसाठी दोघींनाही ट्रॅमॅडॉलच दिले होते. सासूबाई रात्रभर निवांत झोपल्या होत्या. मावशी मात्र पहाटेपर्यंत तळमळल्या. 'नाजूक आहेत झाले!' असे आम्ही सर्वांनी ठरवून टाकले.

पुढे माझ्या डॉक्टर भाच्याने आमच्या तासगावी भाषेत उलगडा केला. "मामी, द्राक्ष शेडवर वाळते तेव्हा बेदाणा होतो ना? कोडीन हे औषध असेच कच्चे द्राक्ष आहे. यकृतातील सीवायपी-२डी-६ नावाचे विकर त्याचे मॉर्फिन बनवते, तेव्हा कळ थांबते. ट्रॅमॅडॉलची बरीचशी ताकदही याच विकरावर अवलंबून. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले, की शेडच बंद! बहिणी सख्ख्या असल्या तरी एकीला ते येईल, दुसरीला येणार नाही."

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांनी पश्चिम भारतातल्या निरोगी माणसांना खोकल्यावरचे डेक्स्ट्रोमेथॉर्फन देऊन त्यांची लघवी तपासली. शंभरांत सुमारे तिघांचे हे विकर निकामी आढळले. ते निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले.

याच्या उलटही असते. काहींचे विकर इतके चपळ, की मॉर्फिन भराभर तयार होऊन श्वास मंदावतो. टॉन्सिल काढल्यावर कोडीन दिलेली काही मुले दगावली, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली कडक इशारा दिला. तेव्हा गोळी लागू पडत नाही म्हणून आपल्या मनाने दुसरी घेऊ नये, डॉक्टरांना सांगावे. या विकरावर न विसंबणारी औषधेही आहेत.

मावशींची तपासणी कधी झाली नाही. त्यांचेही कारण हेच होते, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण दुखते म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायला तपासणी कशाला हवी?

गेल्या वर्षी मावशींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा मी ती जुनी रात्र डॉक्टरांना आधीच सांगितली. त्यांनी औषध बदलले. सकाळी मावशी हसून म्हणाल्या, "आता मला धीट म्हणू नका हं सूनबाई, या वेळी फारसे दुखलेच नाही!"