दुकानापर्यंत न पोहोचलेली गाणी

ज्या मालाला गिऱ्हाईक नाही तो माल निकृष्ट, असा बाजाराचा एक सरधोपट न्याय आहे. त्या न्यायाने अमेरिकेतील मेम्फिस शहराचे ‘बिग स्टार’ हे संगीतपथक केव्हाच विस्मृतीत जावयास हवे होते. १९७१ साली स्थापन झालेले हे पथक १९७४ च्या अखेरीस जवळजवळ विखुरले. पण आज पन्नास वर्षांनंतरही त्याच्या गाण्यांवर जीव टाकणारे रसिक देशोदेशी आढळतात.

स्टुडिओसमोरच्या किराणा दुकानाच्या पाटीवरून पथकाने आपले नाव घेतले. १९७२ च्या पहिल्या तबकडीचे नाव तर ‘नंबर वन रेकॉर्ड’! बीटल्सच्या वळणाची गोड चाल आणि तिला विजेच्या गिटारीचा ठसठशीत आधार, अशा या संगीताला पुढे ‘पॉवर पॉप’ म्हटले गेले. समीक्षकांनी तबकडीची मुक्तकंठाने स्तुती केली. खप मात्र दहा हजारांच्याही आतच राहिला.

याचे कारण श्रोत्यांच्या अभिरुचीत शोधणे चूक ठरेल. ‘आर्डेंट’ ही छोटी संस्था तबकडी काढी, तिचे वितरण ‘स्टॅक्स’ कंपनीकडे असे, आणि स्टॅक्सने ते काम १९७२ मध्ये बलाढ्य ‘कोलंबिया’कडे सोपविले. या दोघींचे लवकरच बिनसले. समीक्षकांना तबकडी फुकट पोचत होती. पैसे मोजू इच्छिणाऱ्याला ती दुकानात मिळत नव्हती. १९७४ च्या ‘रेडिओ सिटी’चीही हीच गत झाली. स्टॅक्स १९७५ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिसरी तबकडी १९७८ पर्यंत प्रकाशितच झाली नाही. मागणी नव्हती, हा निष्कर्ष अशा वेळी कोणत्या आकड्यांवरून काढावयाचा?

या अपयशाची किंमत माणसांनी मोजली. पथकाचा एक प्रमुख गीतकार ख्रिस बेल पहिल्या तबकडीच्या निराशेने खचून बाहेर पडला आणि डिसेंबर १९७८ मध्ये, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, मोटार अपघातात गेला. त्याच्या स्वतंत्र गाण्यांचा संग्रह निघावयास १९९२ साल उजाडले. दुसरा प्रमुख गायक ॲलेक्स चिल्टन. सोळाव्या वर्षी, १९६७ मध्ये, ‘बॉक्स टॉप्स’ या पथकातून त्याने देशभर पहिल्या क्रमांकाचे गाणे गायिले होते. १९८० नंतरच्या काही काळात तोच न्यू ऑर्लिन्सच्या उपाहारगृहात भांडी विसळीत होता.

गाणी मात्र जुन्या तबकड्यांच्या दुकानांतून आणि मित्राने मित्राला भरून दिलेल्या कॅसेटींतून फिरत राहिली. असा प्रसार विक्रीच्या कोणत्याही तक्त्यात नोंदला जात नाही. ‘आर. ई. एम.’सारख्या यशस्वी पथकाने हे ऋण उघडपणे मानले; ‘रिप्लेसमेंट्स’ने १९८७ मध्ये चिल्टनच्या नावाचेच गाणे रचिले. १९९३ साली मिसुरी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आग्रह धरला, तेव्हा चिल्टन आणि ढोलवादक जोडी स्टीफन्स दोन नव्या साथीदारांसह पुन्हा रंगमंचावर आले. चिल्टनला स्वतःला या भक्तीचे फारसे कौतुक नव्हते, आणि इतकी वर्षे उपेक्षा सोसलेल्या माणसाचा तो संशय समजण्याजोगा आहे.

१७ मार्च २०१० रोजी तो हृदयविकाराने वारला. तीनच दिवसांनी ऑस्टिन येथे बिग स्टारचा कार्यक्रम ठरला होता. तो रद्द झाला नाही. निरनिराळ्या पथकांच्या गायकांनी आळीपाळीने येऊन त्याची गाणी म्हटली.