बदलीची किंमत

जाँ-मार्क बोस्मान हे नाव आपल्याकडच्या क्रिकेटवेड्या घरांत फारसे कुणी घेत नाही. तो काही पेले नव्हता की मॅराडोना नव्हता. बेल्जियममधील लिएज शहरातल्या एका क्लबकडून खेळणारा साधा व्यावसायिक फुटबॉलपटू. पण आज युरोपातला एखादा खेळाडू करार संपल्यावर बॅग भरून दुसऱ्या देशात खेळायला जातो, तेव्हा त्याची वाट या साध्या माणसाने मोकळी केलेली असते.

जून १९९० मध्ये पंचविशीतल्या बोस्मानचा करार संपत होता. पगार होता बोनस धरून महिना सरासरी १ लाख २० हजार बेल्जियन फ्रँक. नव्या करारात क्लबने देऊ केले ३० हजार. पगाराचा चौथा हिस्सा! बोस्मानने नकार दिला. तेव्हा क्लबने त्याचे नाव बदलीच्या यादीत टाकले आणि किंमत लावली १ कोटी १७ लाख ४३ हजार फ्रँक. म्हणजे पगार द्यायची वेळ आली की माणूस चार आण्यांचा, आणि विकायची वेळ आली की सोन्याच्या भावाचा.

दुसऱ्या महायुद्धामुळे आपल्या कानावरून गेलेल्या फ्रान्समधील डंकर्क गावचा क्लब त्याला घ्यायला तयार झाला. पण हा क्लब पैसे फेडू शकेल का, अशी शंका लिएजवाल्यांना आली आणि बदलीचा दाखला पाठवा, असे त्यांनी बेल्जियन महासंघाला कळवलेच नाही. दाखला नाही म्हणजे खेळ नाही. वर क्लबने त्याला निलंबित केले. ऑगस्टमध्ये बोस्मानने कोर्टाची पायरी चढली.

माझी उमेदीची सगळी वर्षे बँकेत गेली, त्यामुळे मला ही गोष्ट अशी दिसते. कर्जदाराने शेवटचा हप्ता भरला, व्याज चुकते केले, खाते बंद झाले. तरी मॅनेजर म्हणतो, "बेबाकी दाखला मिळणार नाही, घराचे कागदही मिळणार नाहीत. तुम्हाला दुसऱ्या बँकेत जायचे असेल तर त्या बँकेने आम्हाला पैसे मोजावेत." असे कुठल्या शाखेत घडले तर कर्जदार गावभर बोंब मारील. फुटबॉलमध्ये मात्र ही रीत वर्षानुवर्षे बिनबोभाट चालली होती.

आता यात युरोपच्या सामाईक बाजाराचा संबंध कुठे आला? २५ मार्च १९५७ रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी रोमला करार केला. माल, माणसे, सेवा आणि भांडवल यांना एकमेकांच्या देशांत मोकळी वाट द्यायची, हा त्याचा गाभा. पण शहाण्या माणसांनी त्यात आणखी एक गोष्ट घातली. सरकारांनी भिंती पाडायच्या आणि व्यापाऱ्यांनी आपसांत संगनमत करून त्या पुन्हा बांधायच्या, असे होऊ नये म्हणून स्पर्धेचे नियमही त्याच करारात लिहिले.

दोन्ही प्रकारच्या भिंती लवकरच दिसू लागल्या. जर्मनीत फळांच्या मद्यात किमान २५ टक्के अल्कोहोल असलेच पाहिजे, असा नियम होता. फ्रान्सचे 'कासिस द दिजाँ' सौम्य, म्हणून त्याला मज्जाव. जर्मन सरकारचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता: सौम्य मद्यानेच लोकांना पिण्याची सवय लागते! १९७९ साली लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने तो फेटाळला. ही सरकारी भिंत. खासगी भिंतीचा नमुना त्याआधीचा. जर्मनीच्या ग्रुंडिग कंपनीने फ्रान्समध्ये आपला माल विकण्याचा मक्ता एकाच व्यापाऱ्याला दिला आणि इतर कुणी जर्मनीतून तोच माल स्वस्तात आणू नये असा बंदोबस्त केला. १९६६ मध्ये न्यायालयाने त्या बंदोबस्ताला स्पर्धेच्या नियमांविरुद्ध ठरवले.

बोस्मानसमोरची भिंतही सरकारने बांधलेली नव्हती. ती क्लब आणि महासंघांनी आपसांत ठरवलेली होती. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते, हेही सांगितले पाहिजे. पोरांना लहानपणापासून आम्ही घडवतो, त्यावर खर्च करतो. बदलीचे पैसे मिळाले नाहीत तर लहान क्लबांनी जगावे कसे? न्यायालयाने हे हेतू रास्त मानले. पण त्यासाठी माणूस अडवून धरायची गरज नाही, उत्पन्नाची वाटणी करूनही ते साधता येईल, असे म्हटले. १५ डिसेंबर १९९५ रोजी निकाल लागला. करार संपलेल्या खेळाडूसाठी दुसऱ्या सदस्य देशातल्या क्लबकडून पैसे मागता येणार नाहीत, आणि क्लबच्या सामन्यात सदस्य देशांच्या किती परदेशी खेळाडूंनी उतरावे यावर मर्यादाही घालता येणार नाही. न्यायालयाला स्वतंत्र मत देणारे ॲडव्होकेट जनरल कार्ल ऑटो लेन्झ तर म्हणाले होते की, हे नियम स्पर्धेच्या कायद्यातही बसत नाहीत. न्यायालयाने तो मुद्दा बाजूला ठेवला. मुक्त संचाराचा भंग झाला, तेवढे पुरे आहे, असे सांगितले.

निकालाची फळे गोड तशी कडूही निघाली. १९९५ मध्ये युरोपचे विजेतेपद मिळवणाऱ्या ॲम्स्टरडॅमच्या आयाक्सचा एडगर डेव्हिड्स पुढच्याच वर्षी मिलानला गेला आणि आयाक्सच्या हाती छदामही पडला नाही. २६ डिसेंबर १९९९ रोजी लंडनच्या चेल्सीने अकराच्या अकरा परदेशी खेळाडू मैदानात उतरवले. बडे क्लब आणखी बडे झाले. २००१ मध्ये पोरे घडवणाऱ्या क्लबांना मोबदला देण्याचे नवे नियम आले, तरी तराजू काही सरळ झाला नाही.

मग हा मोकळेपणा वाईट का? मला तसे वाटत नाही. तो फक्त चेंडू लाथाडणाऱ्यांचा नव्हता. आपल्या शेजारच्या गोव्याचेच बघा. पोर्तुगाल १९८६ मध्ये या बाजारात आले. १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग होताच. त्या पासपोर्टवर हजारो गोवेकर इंग्लंडमधील स्विंडनसारख्या गावी पोचले आणि गोदामांत, कारखान्यांत राबून त्यांनी इकडची घरे सावरली. ब्रिटन संघातून बाहेर पडले आणि २०२० साल संपताच नव्याने जाणाऱ्यांसाठी ती वाट बंद झाली. वाट मोकळी असते तेव्हा तिची किंमत कळत नाही, ती बंद झाल्यावर कळते.

आणि लेन्झसाहेबांचा तो बाजूला राहिलेला मुद्दा? फ्रान्सच्या लसाना दियाराचा मॉस्कोच्या क्लबशी असलेला करार २०१४ मध्ये वादात तुटला. पुढे बेल्जियमच्याच एका क्लबने त्याला बोलावले. पण नुकसानभरपाईचा बोजा नव्या क्लबवरही पडेल आणि दाखलाही अडेल, या भीतीने बोलणे फिसकटले. पुन्हा बेल्जियम, पुन्हा दाखला आणि वकिलांत बोस्मानचेच जाँ-लुई द्युपाँ! ४ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने सांगितले की, जागतिक महासंघाचे हे नियम मुक्त संचाराच्या आड येतात आणि स्पर्धेच्या कायद्याचाही भंग करतात.

पण निकाल लागला तेव्हा दियारा निवृत्त होऊन पाच वर्षे झाली होती. बोस्मान निकालाच्या दिवशी एकतीस वर्षांचा होता आणि पुन्हा मोठ्या क्लबकडून कधीच खेळला नाही. पुढे कर्ज, नैराश्य आणि दारू यांनी आपल्याला कसे गाठले, ते त्याने स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. खेळाडूच्या हाती दहा-बारा वर्षे असतात. त्यातली पाच बोस्मानने कोर्टाच्या बाकावर घालवली. त्या पाच वर्षांवर नंतरच्या कितीतरी पोरांनी लाखांचे करार केले. विहीर त्याने खणली, पाणी इतरांनी भरले, आणि भरणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी मागे वळून पाहिले.