अडीच मिनिटांसाठीची तयारी

शालेय रोबॉटिक्स स्पर्धांपैकी ‘फर्स्ट लेगो लीग’ ही स्पर्धा आता भारतातील अनेक शाळांना परिचित आहे. अमेरिकी संशोधक डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेली ‘फर्स्ट’ ही संस्था आणि खेळणी बनवणारी लेगो ही डॅनिश कंपनी यांच्या सहकार्यातून ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. तिच्या ‘चॅलेंज’ गटात विद्यार्थ्यांचा संघ लेगोच्या सुट्या भागांतून एक छोटा रोबो बांधतो आणि हा रोबो सुमारे आठ फूट लांब व चार फूट रुंद टेबलावर मांडलेल्या प्रतिकृती ढकलणे, उचलणे, फिरवणे अशी कामे, म्हणजेच ‘मिशन’, अडीच मिनिटांत पार पाडतो. रिमोट वापरायला परवानगी नसल्याने रोबो आधी लिहून ठेवलेल्या प्रोग्रॅमनुसारच चालतो.

नव्या संघाचा ओढा जास्तीत जास्त मिशन हाती घेण्याकडे असतो आणि तयारी फसते ती बहुधा येथेच. एखादे मिशन दहांपैकी नऊ वेळा जमू लागले की मुलांना ते पक्के झाले असे वाटते. परंतु अशी पाच मिशन एकाच फेरीत निर्दोष पार पडण्याची शक्यता संभाव्यतेच्या साध्या गुणाकाराने ५९ टक्क्यांच्या आसपासच येते. तीन फेऱ्यांतील सर्वोत्तम गुण धरले जातात हा दिलासा आहे खरा, तरीही मोजकीच मिशन निवडून, प्रत्येक चाचणीचे यशापयश वहीत नोंदवत, ती खात्रीची होईपर्यंत पुढे न जाणारा संघच सहसा टिकतो.

चूक कोठून येते हे मुलांना मोजून कळावे लागते. चाक किती अंश फिरले हे मोटारीतील ‘एन्कोडर’ हा भाग सांगतो आणि ५६ मिलिमीटर व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे १७.६ सेंटीमीटर पुढे जाते, हे परिघाच्या सूत्राने काढता येते. मात्र निघताना रोबोचे तोंड दोनच अंशांनी तिरके असले, तरी मीटरभर अंतरावर तो साडेतीन सेंटीमीटर बाजूला गेलेला असतो आणि कडीत हुक अडकवायचा असताना एवढी चूक परवडत नाही; शिवाय चाके घसरतात आणि दातेरी चाकांमधील सैलपणामुळे वळण अपुरे पडते. म्हणून अनुभवी संघ मध्येच रोबोची सपाट पाठ टेबलाच्या कडेला टेकवून दिशा सरळ करून घेतात किंवा चटईवरील काळ्या रेषेचा आधार घेतात. रेषेसाठी लागणारा रंगसंवेदक परावर्तित प्रकाश ० ते १०० या अंकांत मोजतो. पांढऱ्यावर ८० आणि काळ्यावर १० असे वाचन आले, तर ४५ हा मध्य धरून, वाचन त्यापासून जितके दूर तितके वळण अधिक, असा नियम प्रोग्रॅममध्ये लिहितात. यालाच ‘प्रपोर्शनल कंट्रोल’ म्हणतात. वळणाचा गुणक मोठा ठेवला तर रोबो रेषेवर डुलत राहतो, फार लहान ठेवला तर वळणावर रेषा सोडून जातो. स्पर्धेच्या सभागृहातील उजेड शाळेपेक्षा निराळा असल्याने ही वाचने तेथे पुन्हा घ्यावीच लागतात.

टेबलावरील खेळाला एकूण मूल्यमापनात जागा आहे ती एक चतुर्थांशच, ही गोष्ट पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. रोबोची रचना, हंगामाच्या विषयाशी निगडित खऱ्या समस्येवर उपाय शोधणारा प्रकल्प आणि संघभावनेसारखी मूल्ये यांनाही तेवढेच वजन असते व त्यांसाठी परीक्षक साधारण अर्धा तास मुलांशीच बोलतात. हंगामाचा विषय बहुधा ऑगस्टमध्ये जाहीर होतो आणि महाराष्ट्रात त्यापाठोपाठ गणेशोत्सव, सहामाही परीक्षा व दिवाळीची सुटी येत असल्याने सलग सरावाचे आठवडे थोडेच उरतात. या घाईत बाहेरच्या प्रशिक्षकाकडून रोबो बांधून घेण्याचा मोह होतो, पण हा हात येथेच का बसवला, एवढ्या प्रश्नानेही तो व्यवहार उघडा पडतो. प्रशिक्षक नेमायचाच असेल, तर त्याने प्रश्न विचारावेत, चुका दाखवाव्यात, मात्र रोबोला आणि प्रोग्रॅमला हात लावू नये, अशी अट शाळांनी पहिल्याच दिवशी घालावी.