जेड, संगमरवर आणि पाटण्याची राख

अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख आहे. मंदिर उचलून नेता येत नाही. म्हणून १८६८ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी इथे येऊन त्याची चित्रं काढली, शिल्पांचे साचे घेतले. त्या मंदिराच्या परिसरातच लहानाचा मोठा झालो म्हणून असेल, कुणा धनिकाच्या कलासंग्रहाचं कौतुक कानावर आलं की मला आधी वाटतं: जे घरी नेता येत नाही, त्यासाठी याने काय केलं?

जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतनजी टाटा (१८७१–१९१८) या कसोटीला उतरतात. घरी नेण्याची हौसही दांडगी होती. जेड, चिनी-जपानी वस्तू, युरोपीय चित्रं त्यांनी मन लावून जमवली. १९०६ मध्ये लंडनजवळ ट्विकनहॅमला यॉर्क हाऊस घेतलं आणि बागेत संगमरवरी जलदेवता बसवल्या. त्या आजही तिथे आहेत.

पण मला त्यांचं मोठेपण दिसतं ते पाटण्याला. जुन्या पाटलीपुत्राच्या उत्खननासाठी त्यांनी सरकारी पुरातत्त्व खात्याला पैसे देऊ केले. एकूण रक्कम ७५,००० रुपयांच्या घरात गेली. १९१३ मध्ये त्या खात्याच्या डॉ. स्पूनर यांनी पाटण्यातल्या कुम्रहारला खोदायला घेतलं. एक झिलईदार दगडी खांब जवळजवळ अखंड सापडला. बाकीच्यांच्या जागी ठरावीक अंतरावर नुसते राखेचे आणि दगडाच्या चुऱ्याचे ढीग! त्या ढिगांच्या रांगांवरूनच मौर्यांच्या सभामंडपाचा आराखडा उभा राहिला. दिवाणखान्यात मांडण्याजोगं त्यात काय होतं? तरी १९१७ पर्यंत काम चाललं.

स्पूनर यांना हा मंडप थेट इराणातल्या पर्सेपोलिसच्या दरबारासारखा वाटला. पुढे ते मौर्यांनाच जरथुश्त्री म्हणू लागले. विद्वानांनी ते मानलं नाही, आणि ते बरोबरच झालं. पण एका पारशी गृहस्थाच्या पैशाने बिहारची माती उकरावी आणि तिथे त्याच्या पूर्वजांच्या देशाची आठवण निघावी, हा योग मला फार हलवून जातो.

दक्षिण आफ्रिकेतल्या गांधीजींच्या लढ्याला रतनजींनी सव्वा लाख रुपये दिले. तेही असंच, दूरवरच्या माणसांसाठी.

५ सप्टेंबर १९१८ रोजी इंग्लंडमध्ये सेंट आयव्हज इथे ते वारले. मूलबाळ नव्हतं. जेड आणि चित्रं मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आली. आमच्या गावाहून लोकलने सीएसएमटीला उतरलं, की तिथवर चालत जाता येतं.