नवा संसार आणि सुटलेली नोकरी

आहेराची भांडी अजून खोक्यातच आहेत, देवदर्शन नुकतेच आटोपले आहे आणि अशात एक दिवस नवऱ्याची नोकरी जाते. पनवेलच्या पंचक्रोशीला हा प्रसंग अनोळखी नाही. रसायनी येथील हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने मे २०१७ मध्ये घेतला. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तर रोजंदारी आणि कंत्राटी कामे ठिकठिकाणी एका रात्रीत थांबली. अशा वेळी घरात पैशांची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. प्रकृतीची मात्र होत नाही आणि महिना-दीड महिन्यात दोघांपैकी एकजण दवाखान्याची पायरी चढतो.

तक्रारी ठरावीक असतात. छातीत जळजळ, मान आखडणे, डोके जड होणे, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे. पत्नीची पाळी पुढे-मागे होते. संकट आले की शरीर ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल यांसारखी संप्रेरके रक्तात सोडते. नाडी जलद होते, स्नायू ताठ होतात, पचन मंदावते. समोर साप असेल तर हे उपयोगाचे. पण संकट म्हणजे घरभाडे आणि लग्नाच्या कर्जाचा हप्ता असेल, तर ते दोन मिनिटांत निघून जात नाही. शरीर आठवडेच्या आठवडे सावध राहते आणि त्यातून ही दुखणी उद्भवतात. ती 'मनाचे खेळ' नव्हेत.

नवविवाहितांची आणखी एक अडचण असते, ती कोणी बोलत नाही. काळजीने ग्रासलेल्या पुरुषाला शरीरसंबंधात अपयश येऊ शकते. तणावाच्या संप्रेरकांनी रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून असे घडते. त्यात पुरुषार्थाला कमीपणा नाही आणि पत्नीत काही उणे आहे असेही नाही. ताण ओसरला की बहुधा सारे सुरळीत होते. न झाल्यास डॉक्टरांना दाखवून रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. एस.टी. स्थानकाबाहेरच्या भिंतींवर जाहिराती असणाऱ्या 'गुप्त' औषधांवर शिल्लक पैसे घालवू नयेत.

आता प्रश्न असा, की नुसत्या पैशांच्या चिंतेने एवढे सगळे होते का? १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियातील मारियेन्टाल या गावातली कापड गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे राहून पाहणी केली. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तके नेणे कमी झाले. रस्त्यावरून चालण्याचा वेग मोजला, तर पुरुष रेंगाळत चालत, वाटेत पुनःपुन्हा थांबत. स्त्रिया मात्र झपझप जात, कारण त्यांना घरची कामे होती. याहोदांनी पुढे मांडले ते असे, की नोकरी पगाराबरोबर दिवसाला आकार देते, चार माणसांत नेते, आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत ही जाणीव देते. पगार थांबतो तेव्हा हेही थांबते.

म्हणून पहिला उपचार घड्याळाचा. उठण्याची वेळ कामावर जाताना होती तीच ठेवा. रात्री झोप लागली नाही तरी सकाळी अंथरुणात लोळू नका आणि दुपारची झोप टाळा. वडाळे तलावाच्या कडेने अर्धा तास भरभर चाला, त्याला पैसे पडत नाहीत. अर्ज, चौकशा, आय.टी.आय.मधील एखाद्या अभ्यासक्रमाची माहिती ही कामे सकाळच्या ठरल्या तासांत करा. (नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा.) झोपेसाठी दारूचा आधार तर नकोच. तिने डोळा लागतो, पण झोप तुटक होते आणि सकाळी उदासी वाढते.

दुसरी गोष्ट लपवाछपवीची. नोकरी गेल्यावरही रोज डबा घेऊन घराबाहेर पडणारे आणि स्टेशनच्या बाकावर दिवस काढणारे तरुण असतात. बायकोला, सासुरवाडीला काय वाटेल ही भीती असते. पण रोजचे खोटे सांभाळणे हाच एक मोठा ताण आहे, आणि पत्नीला काहीतरी बिनसले आहे हे कळतेच, फक्त कारण कळत नाही. मग ती दोष स्वतःकडे घेते. पहिल्या आठवड्यातच तिला सांगावे, हिशेबाची वही दोघांनी मिळून उघडावी. पैशांचे बोलणे संध्याकाळी ठरल्या वेळी करावे, अंथरुणावर पडल्यावर नको.

याहून वाईट म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांचे 'पांढऱ्या पायाची आली' हे बोलणे. कारखाना बंद पडतो तो मालाला मागणी नसते म्हणून, तोटा होतो म्हणून. नव्या सुनेच्या पावलांनी नव्हे. असे टोमणे रोज ऐकणाऱ्या मुलीची भूक आणि झोप जाते, हे औषधाने बरे होत नाही. तिथे नवऱ्यानेच, आईसमोर, स्पष्ट बोलले पाहिजे. तिला नोकरी किंवा शिकवण्या मिळत असतील, तर स्वयंपाकघर त्याने सांभाळावे. त्याच्या दिवसालाही आकार येतो.

'पाळणा कधी हलणार' या प्रश्नाचे उत्तर नातेवाइकांना देण्याची सक्ती नाही. वर्षभर थांबायचे ठरवले तर निरोध, गोळ्या, तांबी, अंतरा इंजेक्शन ही साधने सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. कोणते साधन योग्य, हे मात्र डॉक्टरांना विचारून ठरवावे.

खर्च वाचवण्यासाठी थायरॉइड, फिट्स, रक्तदाब यांच्या चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत. स्वस्त पर्यायासाठी जनऔषधी दुकानात चौकशी करावी. पगारातून ई.एस.आय.ची कपात होत असेल, तर नोकरी सुटल्याच्या दिवशीच उपचाराचा हक्क संपतो असे नाही. आपला हक्क कोणत्या तारखेपर्यंत आहे, ते कार्ड घेऊन ई.एस.आय. दवाखान्यात विचारून घ्यावे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदासी, कशातच रस नसणे, जेवणझोप बिघडणे असे असेल तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये. 'मी नसतो तर बरे झाले असते' असे कोणी बोलू लागले, तर ते रागाचे बोलणे समजून सोडू नका. त्या व्यक्तीला एकटे ठेवू नका आणि रुग्णालयात न्या. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. फोन ज्याला त्रास आहे त्यानेच करायला हवा असे नाही; बायको, भाऊ, शेजारी कोणीही करू शकतो.