‘रोद्रिगेझ’ : एका स्पॅनिश आडनावाची व्युत्पत्ती आणि त्याचा देशोदेशीचा प्रसार

आडनावांच्या अभ्यासाकडे भाषाशास्त्र आणि इतिहास या दोन्ही शास्त्रांचे लक्ष फार पूर्वीपासून आहे. एखादे आडनाव कोणकोणत्या प्रदेशांत आढळते हे नकाशावर मांडले, की त्या नकाशावरून लोकांच्या स्थलांतराचा मार्ग सापडेल, अशी अपेक्षा अभ्यासक सहजच करू लागतो. ही अपेक्षा काही बाबतींत पुरी होते. परंतु ज्या आडनावांचा प्रसार साम्राज्यसत्तेबरोबर झाला, त्यांच्या बाबतीत ती बहुधा फसवी ठरते. प्रस्तुत लेखात ‘रोद्रिगेझ’ या अतिपरिचित स्पॅनिश आडनावाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रारंभी लेखनाविषयी एक खुलासा करणे आवश्यक आहे. या आडनावाचे स्पॅनिश रूप रोमन लिपीत ‘झेड’ या अक्षराने संपते आणि पोर्तुगीज रूप ‘एस’ने. मराठीत दोहोंसाठी ‘रॉड्रिग्ज’ असे एकच लेखन सरसकट केले जाते व त्यामुळे हा भेद पुसला जातो. म्हणून येथे स्पॅनिश रूप ‘रोद्रिगेझ’ व पोर्तुगीज रूप ‘रोद्रिगेस’ असे लिहिले आहे. यातील अंत्याक्षरे लेखनभेद दाखविणारी आहेत, उच्चारभेद दाखविणारी नव्हेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१. व्युत्पत्ती

‘रोद्रिगेझ’ म्हणजे ‘रोद्रिगोचा पुत्र’. ‘रोद्रिगो’ हे विशेषनाम मुळात स्पॅनिश नव्हे, लॅटिनही नव्हे. ते जर्मानिक आहे. पाचव्या शतकापासून आयबेरियन द्वीपकल्पात शिरलेल्या व्हिसिगॉथ लोकांनी ते आपल्याबरोबर आणले. त्याचे घटक दोन. पहिला घटक ‘ह्रोथ-’, म्हणजे कीर्ती. आणि दुसरा ‘रेइक्स’, म्हणजे सत्ताधीश. पहिल्या घटकाचा संबंध ज्या मूळ भारत-युरोपीय धातूशी जोडला जातो, त्याच धातूपासून संस्कृतातील ‘कीर्ति’ आणि ‘कारु’ (स्तुतिगायक) हे शब्द निघाले असे मानले जाते. मूळ ‘क’चा जर्मानिक शाखेत ‘ह’ होतो, हा ग्रिमच्या नियमाचाच एक भाग होय. दुसरा घटक जर्मानिक भाषांनी केल्टिक भाषेतून घेतला. मूळ दीर्घ ‘ए’चा ‘ई’ होणे हे केल्टिकचे वैशिष्ट्य असून, या शब्दातील ‘ई’ ही त्या उसनवारीची खूण आहे. लॅटिन ‘रेक्स’ आणि संस्कृत ‘राज्’ हे या शब्दाचे सगोत्र. इंग्रजीतील ‘रॉडरिक’, जर्मनमधील ‘रोडेरिख’ आणि रशियन इतिहासातील ‘रुरिक’ ही सारी याच नावाची भावंडे आहेत.

इ. स. ७११ मध्ये अरब व बर्बर सैन्याशी झालेल्या लढाईत ज्याचा पराभव झाला, तो व्हिसिगॉथ राजा याच नावाचा होता. त्या सुमारास गॉथिक भाषा द्वीपकल्पातील व्यवहारातून जवळजवळ लोपली होती; परंतु गॉथिक नावे मात्र लॅटिनोद्भव बोली बोलणाऱ्या प्रजेनेही उचलली होती. म्हणजे ‘रोद्रिगो’ हे नाव धारण करणारा मनुष्य वंशाने गॉथ असेलच असे त्या काळीही म्हणता येत नव्हते. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे.

‘-एझ’ या प्रत्ययाच्या उगमाविषयी एकमत नाही. रोद्रिगोचे लॅटिनीकृत रूप ‘रोदेरिकुस’ व त्याची षष्ठी ‘रोदेरिकी’. अशा षष्ठ्यन्त रूपांतून हा प्रत्यय घडला, ही एक उपपत्ती. गॉथिक षष्ठीचा त्यावर प्रभाव असावा, ही दुसरी. आणि रोमनपूर्व स्थानिक भाषेतील एखादा प्रत्यय त्याच्या मुळाशी असावा, ही तिसरी. उगम कोणताही असो, कार्य निश्चित आहे : पित्याच्या नावावरून पुत्राची ओळख करून देणे.

२. पितृनामाचे कुलनाम कसे झाले?

मध्ययुगात हे पितृनाम जिवंत होते. म्हणजे दर पिढीस बदलत होते. ‘एल् सिद’ या नावाने विख्यात असलेल्या कॅस्तिलियन वीराचे कुल पाहावे. पित्याचे नाव दिएगो लाईनेझ, म्हणजे लाईनचा पुत्र दिएगो. वीराचे स्वतःचे नाव रोद्रिगो दिआझ, म्हणजे दिएगोचा पुत्र रोद्रिगो. त्याच्या मुलाचे नाव दिएगो रोद्रिगेझ. तीन पिढ्या, तीन ‘आडनावे’, आणि तरीही घराणे एकच. मराठी माणसाच्या नावात मधे येणारे वडिलांचे नाव जसे दर पिढीस बदलते, तशीच ही व्यवस्था होती. भेद इतकाच की मराठीत पितृनामाच्या पुढे आणखी एक स्थिर आडनाव असते. त्या काळच्या कॅस्तिलियन व्यवहारात तसे ते असेलच असा नियम नव्हता.

तेराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान ही पितृनामे हळूहळू गोठली. मालमत्तेचे दस्तऐवज आणि वारसाहक्काचे तंटे यांना स्थिर नावाची गरज भासू लागली, आणि एका विशिष्ट पिढीतील ‘रोद्रिगेझ’ हे पुढील सर्व पिढ्यांचे नाव बनले. सोळाव्या शतकापासून चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांनी या प्रक्रियेस बळकटी आणली आणि १८७० च्या नागरी नोंदणीच्या कायद्याने तीवर शिक्कामोर्तब केले. हे गोठणे शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे घडले. ‘रोद्रिगो’ हे नाव लोकप्रिय असल्यामुळे शेकडो असंबद्ध कुटुंबे ‘रोद्रिगेझ’ झाली. सारांश, या आडनावाचा एकच मूळपुरुष खुद्द स्पेनमध्येही दाखविता येत नाही.

स्पेनमधील त्याची वाटणीही सर्वत्र सारखी नाही. वायव्येकडील गॅलिसियात, विशेषतः ओरेन्से प्रांतात, तसेच लेओन आणि कॅनरी बेटे या भागांत ते फार दाट आहे. कॅटलोनियात पित्याचे नाव प्रत्ययावाचूनच आडनाव म्हणून रूढ झाले. ‘मार्ती’, ‘विदाल’ ही त्याची उदाहरणे. त्यामुळे तेथे आज जे रोद्रिगेझ मोठ्या संख्येने आढळतात, ते बहुतांशी विसाव्या शतकात कारखान्यांतील कामासाठी दक्षिणेकडून व पश्चिमेकडून आलेल्या कुटुंबांचे आहेत. येथे आडनावाचा नकाशा स्थलांतराचा मार्ग खरोखरच दाखवितो. परंतु देशाबाहेर पडताच परिस्थिती पालटते.

३. देशान्तर : तीन निरनिराळे मार्ग

पहिला मार्ग प्रत्यक्ष स्थलांतराचा. गॅलिसियातून आर्जेंटिना व क्यूबा येथे, आणि कॅनरी बेटांतून क्यूबा, प्वेर्तो रिको व व्हेनेझुएला येथे शतकानुशतके लोक जात राहिले. कॅरिबियन प्रदेशात हे आडनाव इतके दाट का आहे, याचे एक महत्त्वाचे कारण कॅनरी बेटांतील त्याची दाटी हे आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २००० च्या जनगणनेत ‘गार्सिया’ आणि ‘रोद्रिगेझ’ ही दोन आडनावे पहिल्या दहांत आली. २०१० मध्ये रोद्रिगेझ नवव्या क्रमांकावर असून ते धारण करणाऱ्यांची संख्या १०,९४,९२४ होती.

दुसरा मार्ग बाप्तिस्म्याचा आणि मालकीचा. मेक्सिको व पेरू येथील मूळ रहिवाशांना बाप्तिस्म्याच्या वेळी स्पॅनिश नावे मिळाली. कॅरिबियन बेटांवर आफ्रिकी गुलामांना व मुक्त झालेल्यांना अनेकदा मालकाचे आडनाव लागले; प्वेर्तो रिकोत गुलामगिरी १८७३ मध्ये व क्यूबात १८८६ मध्ये संपली, आडनावे मात्र राहिली. १८४७ ते १८७४ या काळात क्यूबात कराराने आणलेल्या चिनी मजुरांपैकी अनेकांनी धर्मपित्याचे किंवा मालकाचे आडनाव घेतले. येथे आडनाव ज्याचे होते त्याचे वंशज आणि ज्यांना ते मिळाले ते, हे दोन निराळे समाज आहेत.

तिसरा मार्ग प्रशासकीय आज्ञेचा. याचे ठळक उदाहरण फिलिपीन बेटांत सापडते. तेथील ख्रिस्ती रहिवासी संतांची किंवा ‘दे ला क्रुझ’सारखी धर्मवाचक नावे आडनावासारखी वापरीत; सख्ख्या भावांचीही आडनावे निराळी असत. करवसुली व शिरगणती यांत यामुळे घोटाळा होतो, या कारणाने गव्हर्नर-जनरल नार्सिसो क्लावेरिया याने २१ नोव्हेंबर १८४९ रोजी हुकूम काढला. सुमारे ६१,००० नावांची वर्णानुक्रमे एक यादी छापण्यात आली. तीत स्पॅनिश आडनावांबरोबर वनस्पती, प्राणी, खनिजे, गावे यांची नावे आणि स्थानिक भाषांतील शब्दही होते. यादीची पाने प्रांतांना व त्यांतून गावांना वाटून देण्यात आली, आणि कुटुंबांनी त्यांतील नाव निवडावयाचे होते. चार पिढ्या एकच आडनाव चालविल्याचे ज्यांना दाखविता आले, त्यांना ते राखण्याची मुभा होती. याचा परिणाम असा की आल्बाय प्रांतातील ओआस या गावी आजही ‘आर’ या अक्षराने सुरू होणारी आडनावे विपुल आढळतात. या दाटीमागे तेथे कोणती घराणी येऊन वसली हे कारण नाही. छापील यादीचे कोणते पान त्या गावाच्या वाट्याला आले, हे आहे. फिलिपीनमधील एखाद्या रोद्रिगेझ कुटुंबाचे आडनाव जुन्या बाप्तिस्म्यातून आले, हुकुमानंतर घेतले गेले, की स्पॅनिश पूर्वजाकडून मिळाले, याचा निर्णय केवळ आडनावाकडे पाहून होऊ शकत नाही.

४. ‘झेड’ आणि ‘एस’

लेखनभेद हा निदान स्पॅनिश आणि पोर्तुगीज यांतील सीमा दाखवितो काय? आधुनिक काळापुरता हा निकष बराच उपयोगी आहे. स्पॅनिश लेखननियमानुसार ‘एन’ व ‘एस’ खेरीज अन्य व्यंजनाने संपणाऱ्या शब्दाचा आघात अंत्य अक्षरावर पडतो. ‘रोद्रिगेझ’मध्ये तो उपान्त्य ‘-द्रि-’वर असल्याने तेथे आघातचिन्ह द्यावे लागते. पोर्तुगीज ‘रोद्रिगेस’मध्ये आघात त्याच ठिकाणी असूनही चिन्हाची गरज पडत नाही, कारण शब्द ‘एस’ने संपतो. परंतु जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत दोन्ही लेखने आढळतात, आणि इंग्रजी कारकुनाच्या हाती पडल्यावर आघातचिन्ह तर हमखास गळते. १५४२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पोहोचलेला दर्यावर्दी हुआन रोद्रिगेझ काब्रियो हा स्पॅनिश की पोर्तुगीज, हा वाद दीर्घकाळ चालला. आडनावाला त्याचा निकाल देता आला नाही.

पोर्तुगीज रूपाचा प्रवासही असाच बहुमुखी आहे. १४९७ मध्ये पोर्तुगालमधील ज्यूंवर सक्तीने धर्मांतर लादण्यात आले आणि त्यांनी ख्रिस्ती आडनावे घेतली. त्यांच्या वंशजांपैकी काहींनी फ्रान्स, हॉलंड येथे जाऊन पुन्हा ज्यू धर्म स्वीकारला, पण आडनाव टाकले नाही. बोर्दो येथे १७९५ मध्ये जन्मलेला फ्रेंच गणितज्ञ ओलँद रोद्रिग अशाच ज्यू कुटुंबातला. श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तर प्रत्ययरहित ‘रोद्रिगो’ हेच आडनाव झाले आहे, आणि ते धारण करणाऱ्यांत बौद्धही आहेत.

गोमंतक व वसई यांचा संबंध येथे येतो. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवे जिंकले, १५३४ मध्ये वसई मिळविली. सोळाव्या शतकातील धर्मांतराच्या वेळी नवख्रिस्ती कुटुंबाला बहुधा धर्मपित्याचे किंवा पाद्र्याचे आडनाव मिळे. त्यामुळे एकाच गावातील दोन रोद्रिगेस कुटुंबे निराळ्या जातींची असू शकतात, आणि आपले पूर्वीचे प्रभू, कामत, नाईक असे आडनाव कित्येक कुटुंबांच्या स्मरणात आजही असते. वसईत १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीज सत्ता संपविली. पण तेथील ख्रिस्ती समाजाच्या घरात मराठीची बोली आणि दारावर पोर्तुगीज आडनाव, ही स्थिती कायम राहिली. या लोकांच्या अंगी पोर्तुगीज रक्त असले पाहिजे, हा समज आपल्याकडे सुशिक्षितांतही आढळतो. तो केवळ आडनावावर आधारलेला असून त्याला त्याहून अधिक पाया नाही.

५. निष्कर्षाचा उपयोग

हा प्रश्न केवळ पंडिती जिज्ञासेचा नाही. १९५० व १९६० च्या जनगणनांत अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील पाच संस्थानांतील ‘स्पॅनिश आडनावाचे गौरवर्णी लोक’ हा वर्ग आडनावांच्या यादीवरून ठरविण्यात आला. विवाहानंतर पतीचे आडनाव घेणारी परकी स्त्री या पद्धतीने त्या वर्गात जमा होते, आणि परक्याशी विवाह केलेली मेक्सिकन कुळातील स्त्री वगळली जाते. १९८० पासून प्रत्येकालाच त्याच्या मूळाविषयी प्रश्न विचारण्यात येऊ लागला. आडनावावरून मनुष्याचा वर्ग ठरविण्यापेक्षा त्यालाच विचारणे अधिक शास्त्रीय होय.

म्हणून आडनावांचा प्रादेशिक अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. हे आडनाव या कुटुंबाकडे कोणत्या संस्थेमार्फत आले : कुळातून, बाप्तिस्म्यातून, मालकाकडून की सरकारी वहीतून? ते कोणत्या काळी स्थिर झाले? आणि त्याचे आजचे लेखन कोणत्या कारकुनी परंपरेने घडविले? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत आडनावांच्या नकाशावरून वंशाविषयी विधान करू नये. ‘रोद्रिगेझ’ आणि ‘कीर्ति’ यांचे नाते शब्दांचे आहे; ते शब्द उच्चारणाऱ्यांचे नव्हे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा विवेक शब्दांच्या बाबतीत परिचित असतो. आडनावांच्या बाबतीतही तोच पाळावयाचा आहे.